याचं काय येईल?

लहानपणी, दुपारी अडीचच्या सुमाराला, वाड्यात सगळे जरा लवंडलेले असताना बोहारीण यायची. डोक्यावर टोपली, टोपलीत एकात एक बसवलेली स्टीलची पातेली, काखेत कपड्यांचं गाठोडं. ती कधीच घाईत नसे. पायरीवर बसायची, पाणी मागायची, आणि मग आईची नि तिची जी जुंपायची ती तासभर. आई एकेक साडी पुढे करून विचारायची, "याचं काय येईल?" बोहारीण साडी लगेच उलगडत नसे. आधी तळहातावर वजन बघायची, मग काठावरून अंगठा फिरवायची, मग निऱ्यांच्या जागी दोन्ही हातांनी हलकासा ताण द्यायची. "विरलीय." बास, एवढंच. आई म्हणायची, "अगं, दोनदा नेसलेय फार तर." हे धादांत खोटं आहे हे दोघींनाही माहीत असायचं. शेवटी सात साड्या, बाबांची एक पँट आणि माझा एक फ्रॉक यांच्या बदल्यात झाकणासकट एक पातेलं यायचं आणि आई संध्याकाळपर्यंत खुशीत असायची. ते पातेलं अजून घरात आहे. दूध त्यातच तापतं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे मी त्याच विरलेल्या साड्यांवर पोट भरते. पुण्यात भाड्याची एक खोली, चार शिलाई मशिनं, एक ओव्हरलॉक, कटिंगचं एक लांबलचक टेबल आणि माझ्यासकट सहा बायका. जुन्या साड्यांच्या पिशव्या, पाऊच, जॅकेटं, गाद्यांच्या खोळी असं काय काय आम्ही शिवतो. आठ वर्षं झाली. गेल्या वर्षी या धंद्याला एक पुरस्कार मिळाला. 'एथिकल फॅशन' या गटात. आईला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे काय?" मी म्हटलं, नैतिक फॅशन. ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, "मग आधी काय अनैतिक करत होतीस का?"

तिचं चुकलं असं नाही. या शब्दाला मराठीत धड जागाच नाही. 'नैतिक' म्हटलं की मूल्यशिक्षणाचा तास आठवतो. 'शाश्वत' म्हटलं की कीर्तन सुरू झाल्यासारखं वाटतं. आणि 'अपसायकलिंग'? आमच्या आजीनं आयुष्यभर लुगड्यांच्या घड्या एकावर एक घालून, धावदोरा घालून गोधड्या शिवल्या. लुगडं फाटलं की त्याची गोधडी, गोधडी फाटली की बाळाची दुपटी, दुपटी फाटली की भांड्यांचं फडकं, आणि फडक्याच्या शेवटी चुलीवरून भांडं उतरवायला धरायची चिंधी. तिला कुणी स्मृतिचिन्ह दिलं नाही. दिलं असतं तर तिनं त्याच्याखाली पापड वाळत घातले असते.

साडी म्हातारी कशी होते हे मला या कामात कळलं. सगळ्यात आधी जाते ती पायाशी, जिथे काठ जमिनीला घासतो. फॉल लावलेला असला तर फॉल झिजतो आणि साडी वाचते, म्हणून फॉल-पिकोवाल्या बाईचे आपल्यावर फार उपकार आहेत. मग कंबरेशी खोचायची जागा. मग मागची, बसायची जागा, तिथे कापड झिरझिरीत होतं पण लांबून कळत नाही, उजेडासमोर धरावं लागतं. खांद्यावर पिनांची भोकं. रेशमी साडी तर न नेसताच मरते. कपाटात वर्षानुवर्षं एकाच घडीत पडून राहिली की घडीवरच चिरते, कात्रीनं कापल्यासारखी सरळ. आणि साडीचं आतलं टोक, जे कुणालाच कधी दिसत नाही, ते मात्र पहिल्या दिवसासारखं. वीस वर्षांच्या फिकट अबोली साडीचं आतलं टोक उलगडलं की कळतं, ही बाई एके काळी केवढी भडक केशरी साडी नेसून कुठल्याशा लग्नाला गेली होती.

कटिंग करणाऱ्या काकू आमच्याकडे पहिल्या दिवसापासून आहेत. त्या साडीचा एक धागा ओढतात आणि काडेपेटी लावतात. कागद जळाल्यासारखा वास आला आणि राख उरली तर सुती. केस जळाल्यासारखा वास आला तर रेशीम. वितळून टोकाशी कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. येणाऱ्या निम्म्याहून जास्त साड्यांचा मणीच होतो. ते कापड काही मातीत मिसळणार नाही, म्हणून तर त्याची पिशवी होऊन दहा वर्षं कुणाच्या खांद्यावर राहिलेली बरी, हा आमच्या धंद्याचा सगळा युक्तिवाद. यापेक्षा मोठा काही नाही.

साड्या येतात कुठून, हे लोक फार विचारतात. येतात बोहारणींकडूनच. मुंबईत या कामात वाघरी समाजातल्या बायका पिढ्यान् पिढ्या आहेत. दारोदार भांडी देऊन कपडे घ्यायचे, घरी आणून निवडायचे, धुवायचे, शिवायचे, इस्त्री करायचे आणि पहाटेच्या बाजारात विकायचे. जुन्या कपड्यांचा एवढा मोठा व्यवहार या बायकांच्या डोक्यावरून चालतो आणि त्यांना कुणी उद्योजिका म्हणत नाही. आमच्या पुण्यातला माल थोडा अशा बायकांकडून थेट येतो, थोडा जुन्या बाजारातून, बुधवार-रविवार.

याच साखळीवर मुंबईत एक मोठं काम उभं राहिलं, ते सांगायलाच हवं. 'आय वॉज अ सारी'. स्टेफानो फुनारी या इटालियन गृहस्थांनी 2013 मध्ये मुंबईत सुरू केलेला उद्योग. चोर बाजारातून वापरलेल्या साड्या घ्यायच्या आणि वस्त्यांतल्या बायकांना शिकवून त्यांच्याकडून कपडे आणि दागिने करून घ्यायचे. मला सगळ्यात आवडतं ते नाव. कापडालाच प्रथमपुरुष देऊन टाकलाय. मी साडी होते. पुढे गुचीसारख्या बड्या फॅशन घराण्यानं त्यांच्याकडच्या बायकांना भरतकामाचं शिक्षण द्यायला मदत केली. 2019 च्या सुरुवातीला लॅक्मे फॅशन वीकमध्ये 'सर्क्युलर डिझाइन चॅलेंज' ही टाकाऊतून नवं घडवणाऱ्यांची स्पर्धा पहिल्यांदाच झाली, ती यांनी जिंकली. त्याच वर्षी सप्टेंबरात मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात ग्रीन कार्पेट फॅशन अवॉर्ड्सच्या समारंभात त्यांचा सन्मान झाला. ला स्काला, म्हणजे जिथे वेर्दी या थोर इटालियन संगीतकाराच्या ऑपेरांचे पहिले प्रयोग झाले तिथे! कुठल्या तरी चाळीतल्या बाईनं पातेल्यावर दिलेली साडी तिथवर पोचली. ते फोटो मी रात्री एक वाजेपर्यंत बघत होते. आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर पोटात थोडं दुखलंही. आपल्याला हे आधी का नाही सुचलं? मग हसू आलं. आजीला सुचलं होतं की.

पुण्यातच करिष्मा शहानी खान यांचा 'का-शा' हा कपड्यांचा ब्रँड आहे. कातरणसुद्धा वाया न घालवता केलेले त्यांचे कपडे बघितले की शिवणारा माणूस थांबून आतली बाजू बघतो. अशांची नावं देशभर झाली, म्हणूनच आमच्यासारख्या बारक्यांना कुणीतरी अर्ज भरायला सांगतं.

तर तो अर्ज. भाचीनं भरून दिला. पानभर माहिती झाल्यावर एक चौकट आली, तुमच्या एका उत्पादनामागे किती लिटर पाणी वाचतं? मी म्हटलं, आम्ही साड्या दोनदा धुतो, म्हणजे उलट पाणी लागतंच. भाची म्हणाली, मावशी, तसं नाही लिहायचं. एका सुती टी-शर्टला 2700 लिटर पाणी लागतं हा आकडा जिथे तिथे छापलेला असतो, त्यावरून काढू. मी तिला मण्यांची बाटली दाखवली. काकू जाळलेल्या धाग्यांचे मणी एका काचेच्या बाटलीत साठवतात, का ते देव जाणे. कापसाचं पाणी पॉलिएस्टरच्या साडीवर कसं चढवायचं? शेवटी आम्ही ती चौकट रिकामी ठेवली. पुढची चौकट होती, येत्या तीन वर्षांत किती पटीनं वाढणार. तिथे भाचीनं 'तिप्पट' लिहून टाकलं होतं. ते मला मागाहून कळलं. रिकाम्या चौकटीचे गुण गेले असतील, तिप्पटचे नक्की मिळाले.

समारंभ मुंबईच्या एका हॉटेलात. निमंत्रण दोघांचं होतं, मी काकूंना घेऊन गेले. त्यांनी ठेवणीतली जांभळी इरकल नेसली होती. हॉलमध्ये गेल्या गेल्या त्यांनी खिडकीचा पडदा उलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "टाके मोठे घातलेत. घाईतलं काम आहे." आमच्या टेबलावर एक अतिशय नामांकित दिसणाऱ्या बाई बसल्या होत्या, त्यांच्या झग्याच्या बाहीकडे काकू इतक्या रोखून बघत होत्या की मी टेबलाखालून पाय लावला. नाव पुकारलं ते माझं. मी काकूंना ओढत होते, पण सूत्रसंचालक म्हणाला, मॅम, ओन्ली द फाउंडर. त्यात त्याचा दोष नाही, मंचावर खुणा आखून ठेवल्या होत्या आणि खूण एकच होती. मी दोन मिनिटं बोलले. सगळ्यांचे आभार मानले, काकूंचं नाव घेतलं, बोहारणींचं मात्र राहिलं. परतीच्या गाडीत लोणावळ्याच्या आसपास ते लक्षात आलं.

काकूंनी स्मृतिचिन्ह मांडीवर घेतलं होतं. म्हणाल्या, "जड आहे."

आणि मग तो फोन आला. दिवाळीच्या भेटीसाठी लॅपटॉपच्या सहाशे खोळी हव्यात. नाव मोठं होतं, त्यांनी आमची बातमी वाचली होती. एकेक खोळ वेगळ्या रंगाची असते हे मी सांगितलं. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सेम-टू-सेम नकोच आहे, मॅम, तेच तर तुमचं ब्यूटी आहे. फक्त सगळं मरून शेडमध्ये द्या." फक्त मरून! जुन्या साड्या मरून येत नाहीत. त्या येतात पोपटी, येतात मोरपंखी, येतात ज्याला नाव नाही अशा साबणाच्या रंगात. खराब भाग काढून एका साडीतून धड तीन-चार खोळी निघतात. म्हणजे दीडशेच्या वर मरून साड्या, त्याही अखंड, दीड महिन्यात. मी 'हो' म्हटलं. भाचीनं अर्जात लिहिलेलं ते 'तिप्पट' माझ्या डोक्यात कुठेतरी जाऊन बसलं असणार.

आमच्या बोहारणीनं सांगून बघितलं, "ताई, मरून लोक देत नाहीत. मरून लग्नातली असती." तिचं ऐकायला हवं होतं. तिनं इकडून तिकडून सत्तरएक गोळा केल्या. बाकीसाठी मी शेवटी होलसेल मार्केटमध्ये गेले आणि मरून कापडाचं थान घेतलं. नवं. कुठल्याशा गिरणीतला उरलेला माल आहे असं दुकानदार म्हणाला, मी विश्वास ठेवला, कारण मला ठेवायचा होता. पुढची बाजू जुन्या साडीची, मागची आणि अस्तर नव्याचं, असं ठरलं. टॅग मात्र आधीच छापून आले होते, 'जुन्या साडीपासून'. ते तसेच लागले. सहाशे टॅग मी स्वतः लावले.

ते अकरा दिवस आम्ही रात्री दहापर्यंत बसलो. मजुरी दुप्पट दिली, हे खरं. वडापाव आणले, रिक्षाचे पैसे दिले, हेही खरं. पण आठव्या रात्री आमच्यातल्या सगळ्यात धाकट्या मुलीच्या बोटातून मशिनची सुई आरपार गेली. डोळे मिटत होते, दुसरं काही नाही. टिटॅनसचं इंजेक्शन देऊन तिला घरी सोडून आले तर काकू अजून मशिनवर. खाली त्यांचा मुलगा मोटारसायकल लावून तासभर ताटकळत होता. काकूंनी वर न बघताच विचारलं, "बक्षीस मिळायच्या आधी आपण सहाला सुटायचो ना?"

या धंद्यातला प्रत्येक माणूस राणा प्लाझाचं नाव घेतो, मीही घेत आले. 24 एप्रिल 2013, ढाक्याजवळ सावर, आठ मजल्यांची इमारत, अकराशेहून जास्त माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. त्याच इमारतीतली बँक आणि दुकानं बंद राहिली आणि वरच्या कारखान्यांतल्या शिवणाऱ्यांना मात्र कामावर बोलावलं, कारण माल वेळेत द्यायचा होता. माझी खोली काही पडणार नव्हती. तुलना करायची नाहीये, तुलना केली तर मेलेल्यांचा अपमान होईल. एवढंच, की 'माल वेळेत द्यायचाय' हे वाक्य मी त्या आठवड्यात किती वेळा उच्चारलं ते मोजलं नाही.

पैसे आले एकशे बारा दिवसांनी. लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते व्हावेत असा 2006 चा कायदा आहे. मी त्याची प्रत ईमेलला जोडली होती. उत्तरात त्या मुलीनं हसरा चेहरा पाठवला.

मान्यता वाईट असते असं मला म्हणायचं नाही. पुरस्कारामुळे बँकेच्या माणसानं पहिल्यांदा खुर्ची दिली. धाकट्या मुलीच्या घरचे तिला 'कुठल्याशा शिलाईच्या दुकानात जाते' म्हणायचे, आता 'डिझाइनमध्ये आहे' म्हणतात. मुंबईतल्या त्या बायकांना शिकायला मिळालेलं भरतकाम हे तर कुणी काढून घेऊ शकणार नाही. पण मी त्या दिवसांत 'पीपल ट्री'ची कहाणी परत परत वाचत होते. साफिया मिनी यांनी जपानमध्ये सुरू केलेलं काम, पुढे लंडनला आलं. भारत, बांगलादेश, नेपाळमधल्या विणकरांकडून, शिवणाऱ्यांकडून कपडे घ्यायचे, त्यांना आगाऊ रक्कम द्यायची, मुदत सैल ठेवायची. मिनींना 2009 मध्ये ब्रिटनचा एमबीई किताब मिळाला, 2013 मध्ये जागतिक फेअर ट्रेड, म्हणजे करणाऱ्याला रास्त दाम, या संघटनेचं उत्पादनावरचं चिन्ह मिळवणारी ती पहिली फॅशन कंपनी ठरली. आणि 2023 मध्ये ब्रिटनमधली कंपनी बुडाली. जवळपास तीस वर्षं. त्यांच्या भिंतीवर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त मानपत्रं असतील, आणि मानपत्रावर कुणी कापड उधार देत नाही.

आम्ही काय केलं? फार काही नाही. सहाला मशिनं बंद होतात. पन्नासच्या वरची एका रंगाची ऑर्डर घेत नाही. उरलेले टॅग काकूंनी कातरणात टाकले आणि नव्या टॅगवर मागच्या बाजूला छापतो, कुठला भाग जुना, कुठला नवा. त्या सहाशे खोळी घेणाऱ्यांना मी काही कळवलेलं नाही. कळवावं असं दर महिन्याला ठरवते. इथे लिहितेय ते म्हणजे कळवणं नव्हे, हे मला कळतं.

मागच्या गुरुवारी बोहारीण आली. आईकडे यायची ती नव्हे, ही तरुण आहे, स्कूटरवर मागे गाठोडं बांधून येते आणि तिचा फोन माझ्यापेक्षा चांगला आहे. पायरीवर बसली. आतल्या फळीवर स्मृतिचिन्ह होतं, तिकडे बघत म्हणाली, "हेच का ते?"

मी काढून हातात दिलं. तिनं तळहातावर वजन बघितलं. कडेवरून अंगठा फिरवला. नखानं दोनदा टकटक केलं, कान लावला.

"याचं काय येईल, मावशी?" मी विचारलं.

"काय नाय येणार. प्लास्टिक हाय, पितळंचं पाणी दिलंय." परत दिलं. मग गाठोड्यावर हात ठेवून म्हणाली, "पेपरात फोटो आलता तुमचा. साडीमागं पंधरा वाढवा आता."

"दहा."

"पंधरा. त्या मरूनसाठी मी चार दिवस उन्हात फिरले व्हते."

ती गाठोडं सोडायला तयार नव्हती. पदरानं मान पुसली, भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "पाणी द्या आधी."

मी पाणी आणायला उठले.